धुक्यात वाजलेली शिट्टी

ताईंच्या कारखान्याला निर्यातीचा विभागीय पुरस्कार जाहीर झाला, ती बातमी आधी फोरमनच्या कानावर पडली. ताईंना उजव्या कानाने धड ऐकू येत नसे, म्हणून फोन वाजला की त्या तो जवळ असेल त्याच्या हातात देत. फोरमनने दोन-चारदा "हो साहेब, हो साहेब" केलं, फोन ठेवला आणि मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडला, "ताई, आपण जिंकलो!"

"कोण शिंकलं?" ताईंनी विचारलं.

पुढचे काही दिवस सगळा कारखाना हे एकमेकांना सांगून हसत होता. ताईसुद्धा हसल्या. 

कारखाना शिट्ट्यांचा. वडिलांनी एका शेडमध्ये सुरू केला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे शाळांचे खेळशिक्षक, सामन्यांचे पंच आणि रात्रीचे पहारेकरी. वडील गेल्यावर ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ असे दोघे तो चालवत होते. साचे, मशीन, माल ताईंकडे. विक्री आणि बाहेरचे देश भावाकडे. भावाला सगळे ‘परदेशी’ म्हणत, अगदी त्याची बायकोसुद्धा. गंमत अशी, की या परदेशीने जन्मात कधी सीमा ओलांडली नव्हती. त्याचा पासपोर्ट कोऱ्या नोटेसारखा करकरीत होता. सगळा धंदा फोनवर आणि कॉम्प्युटरवर. चार भाषांत तो भाव करायचा आणि पाचवीत माफी मागायचा.

पुरस्कार मिळाला तो एकाच मालाला, लाइफ जॅकेटला बांधायच्या शिट्टीला. ती ताईंच्या हातची. वडिलांच्या शिट्टीत आत बुचाची एक गोळी असे, ती फिरली की आवाज खरखरत निघे. जमिनीवर ठीक होतं. पाण्यात भिजली की गोळी फुगून बसायची आणि शिट्टी मुकी व्हायची. ताईंनी गोळी काढून टाकली. मग आतली पोकळी बदलत, कानस मारत, पुन्हा साचा करत त्यांनी असा आवाज काढला, की त्यात कुठे काटा नाही, खरखर नाही, एकच एक उंच स्वच्छ सूर. म्हाताऱ्या वडिलांनी तो ऐकून डोळे मिटले होते आणि म्हटलं होतं, "सुईसारखी आहे गं." ताईंनी ते पदवीसारखं जपून ठेवलं.

त्या शिट्टीच्या चाचण्या घेता घेताच त्यांचा उजवा कान गेला. जाताना तो एक बारीक सूर मागे ठेवून गेला, दिवसरात्र वाजणारा. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, सवय करून घ्या. त्यांनी करून घेतली. घरात फ्रिज गुरगुरत असतो आणि आपण ऐकत नसतो, तसं.

पुरस्कार देणाऱ्या व्यापारी मंडळाची एक अट होती. शिट्टी प्रत्यक्ष वापरणाऱ्या परदेशातल्या कोणीतरी समारंभात दोन शब्द बोलावेत. परदेशीने सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला गळ घातली, आणि त्यांनी आपल्या बंदरातल्या बचावबोटीचे कप्तान पाठवले. समारंभाच्या आदल्या दिवशी ते कारखाना पाहायला आले.

कप्तान उंच, वाकलेले, उतारवयाचे. वाऱ्याने रापलेला चेहरा आणि बोटं अशी जाड, की ताईंनी हातात ठेवलेली शिट्टी त्यांच्या मुठीत दिसेनाशी झाली. त्यांची भाषा ताईंना येत नव्हती, मध्ये दुभाषा म्हणून भाऊ, परदेशी. त्यांनी साचे पाहिले, पॅकिंगच्या बायकांशी हात मिळवले, मग चाचणीच्या खोलीत आले. भिंतींना जाड फोम लावलेली ती लहानशी खोली. ताईंनी हवेची नळी जोडून खटका दाबला आणि शिट्टी वाजली.

कप्तानांनी एकदम भिंतीला हात टेकला. मग ते बोलू लागले. बोलत राहिले. मध्येच एकदा त्यांनी तळहात पालथा करून हवेत सपाट फिरवला, समुद्र दाखवतात तसा. एकदा बोट इकडे नेलं, एकदा तिकडे. शेवटी ते कानाला हात लावून थांबले.

परदेशी हसून म्हणाला, "ते म्हणतात, इतकी स्वच्छ शिट्टी त्यांनी कधी ऐकली नाही."

"एवढंच?"

"तसं म्हणजे, कौतुक केलं भरपूर."

"इतका वेळ माणूस कौतुक करेल, आणि डोळ्यांत पाणी आणून?" ताई म्हणाल्या. "काय म्हणाले ते नीट सांग मला."

"ताई, उद्या समारंभ आहे."

"म्हणून तर आजच सांग."

परदेशीने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग दरवाजा लावून घेतला आणि खाली बघत सांगितलं.

धुकं होतं. सकाळची वेळ. एक मासेमारीची होडी उलटली होती आणि त्यातला एक माणूस पाण्यात होता, लाइफ जॅकेट घातलेला. कप्तानांची बोट लगेच पोहोचली. शिट्टी ऐकू येत होती, लख्ख. तीन वेळा वाजायची, थांबायची. पुन्हा तीन वेळा. नीट ऐकायला म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. कप्तान म्हणाले डावीकडे. सुकाणूवरचा म्हणाला उजवीकडे. तिसरा शपथेवर सांगत होता की मागून येतेय. ते डावीकडे गेले तर सूर मागे राहिला. मागे वळले तर समोरच्या धुक्यातून आला. अख्खी सकाळ ते असे गोल गोल फिरत राहिले. मग दोन शिट्ट्यांमधली शांतता लांबत गेली. आणि मग नुसती शांतताच उरली. धुकं उठलं तेव्हा तो हाकेच्या अंतरावर तरंगत होता. शिट्टी दातांत तशीच.

"कोण होता तो?" ताईंनी विचारलं.

परदेशीने विचारून घेतलं. "त्यांच्या मुलाचा सासरा. यांचा व्याही." तो अडखळला. "म्हणजे त्यांची सून आहे ना, तिचा बाप. ती यांच्याच घरात असते. रोज समोर बसून जेवते. तिने अजून एकदाही विचारलं नाही की तुम्हाला माझे बाबा का सापडले नाहीत."

कप्तान हळू आवाजात आणखी काही बोलले. या वेळी परदेशीने काही हातचं राखलं नाही. "ते म्हणतात, शिट्टीचा दोष नाही. शिट्टीने तिचं काम केलं. इतरांना वाटतं ती थांबली, पण यांच्या कानात ती अजून वाजतेच आहे. ती जन्मते कुठे ते बघावं, म्हणून ते आले."

ताईंनी कप्तानांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत उभ्या होत्या. कानातला सूर वाजत होता, नेहमीसारखा. आणि मग तो थांबला.

इतक्या वर्षांत तो कधी थांबला नव्हता. ताई सुरी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतकी शांतता त्या विसरूनच गेल्या होत्या. नळाचं ठिबकणंसुद्धा दगड पडल्यासारखं वाटलं. मग सूर पुन्हा आला. तीन वेळा आला आणि थांबला. पुन्हा तीन वेळा.

सूर दुखऱ्या कानातून येत नव्हता, बाहेरून येत होता. त्या मागच्या दाराशी गेल्या, तर तो जिन्यावरून आला. जिना चढल्या, तर खाली अंगणातून. वहिनी, म्हणजे परदेशीची बायको, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, "काय शोधताय ताई?"

"तुला काही ऐकू येतंय?"

"नाही बाई. तुमचा चेहरा का असा झालाय?"

ताईंनी पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, आपण काय करतोय हे कळत असूनही पाहिलं. शांतता दर वेळी थोडी लांबत होती. ती लांबायला लागली तसा ताईंचा जीव खालीवर होऊ लागला. आता वाज, असं त्या मनात म्हणत होत्या, अजून एकदा वाज, मी येते आहे. मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण पुटपुटतो आहोत. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि वहिनीचा हात घट्ट धरून ठेवला.

सकाळी कामाची पाळी सुरू होताच त्यांनी पॅकिंगच्या बायकांना, फोरमनला आणि परदेशीला मागच्या मोकळ्या मैदानात बोलावलं. पाहुण्यांना गाडी पाठवायची, हार-तुऱ्यांचं बघायचं, म्हणून परदेशीच्या पायाला भिंगरी लागली होती. "ताई, हे खेळ खेळायची वेळ आहे का?"

"डोळे बांध," ताई म्हणाल्या.

फोरमन सोडून सगळ्यांनी रुमालाने डोळे बांधले. ताईंनी त्यांना मुद्दाम जागेवरच गोल फिरवून उभं केलं. फोरमन चपला काढून पाय न वाजवता दूर गेला आणि त्याने शिट्टी वाजवली.

"आवाज जिकडून येतोय तिकडे बोट दाखवा," ताईंनी सांगितलं.

एकीने पाण्याच्या टाकीकडे दाखवलं. दुसरीने रस्त्याकडे. तिसरी हसायला लागली, म्हणाली, "अगं बाई, ही तर डोक्यावरच वाजतेय!" परदेशीने ठामपणे फाटकाकडे बोट केलं. फोरमन त्याच्या पाठीमागे उभा होता.

मग ताईंनी वडिलांच्या वेळची जुनी खरखरी शिट्टी फोरमनला दिली. त्याने जागा बदलली आणि फुंकली. आवाज फाटका, कर्कश, त्यात कुठे काही सूर म्हणावा असं नव्हतं. सगळी बोटं एकाच दिशेला वळली.

परदेशीने रुमाल सोडला. आपलं बोट आणि समोर उभा असलेला फोरमन, दोन्हीकडे पाहिलं. मघाशी फोरमन आपल्या पाठीमागे होता हे त्याला पटेना, त्याला पुन्हा डोळे बांधून घ्यायचे होते. पुन्हा बांधले. सुईसारख्या शिट्टीवर तो पुन्हा चुकला, आणि या वेळी तर स्वतःच्या बहिणीकडे बोट दाखवून उभा राहिला.

ताई सगळं समजल्या. आवाजाची दिशा त्यातल्या खरखरीवरून कळते. त्यांनी जी काढून टाकायला वर्षं घालवली होती, कानसून कानसून गुळगुळीत केली होती, तीच. गोळी काढली ते बरोबर होतं. पण तिच्याबरोबर आवाजातले सगळे काटेही त्यांनी काढले होते, केवळ ऐकायला सुंदर वाटावं म्हणून.

"आज फक्त हसायचं," परदेशी गाडीत म्हणाला. "हात जोडतो तुला. उद्या आपण बसू, बोलू, काय करायचं ते करू. पण आज नाही."

ताईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याला कळलं नाही.

सभागृह भरलेलं होतं. स्टेजवर फुलं, कडक इस्त्रीची माणसं, माइकची कुरकुर. लोणची पाठवणारे, पंप पाठवणारे, बायकांच्या पर्सेस पाठवणारे असे सगळे पुढच्या रांगेत. कप्तानांना बोलायला उभं केलं तेव्हा ते माइकपाशी गेले आणि एकच वाक्य बोलले. परदेशीने घसा साफ करून सांगितलं, "ते म्हणतात, मी ही शिट्टी ऐकली आहे." टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, याला म्हणतात कमी शब्दांत पसंतीची पावती.

मग ताईंचं नाव पुकारलं. शाल, ढाल, फोटो. ढाल हातात आली तेव्हा कानातला सूर पुन्हा तुटक झाला. सभागृहाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून तीन वेळा. ताईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लोकांना वाटलं, बाई गांगरल्या.

"माझी शिट्टी लांबवर ऐकू येते," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "पण वाजवणारा सापडत नाही. ती जशी करायला हवी होती तशी मी केलेली नाही. मला हे आज सकाळी कळलं."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. प्रमुख पाहुणे माइककडे झुकले. "किती विनम्र! आणि किती सुंदर बोललात. ऐकू येते, पण वाजवणारा सापडत नाही. यशामागचा उद्योजक असाच असतो, पडद्याआड." पुन्हा टाळ्या. ताई सांगू पाहत होत्या की तसं नाही, पण माइक पुढच्या विजेत्यासाठी उचलला गेला होता. एका हसऱ्या मुलीने कोपराला धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या.

खाली कप्तान उभे होते. भाषण त्यांना शब्दशः कळलं नव्हतं. तरी त्यांनी ढाल ताईंच्या हातून घेतली, खुर्चीवर ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

परत येताना परदेशी गाडी चालवत होता. तो म्हणाला, "तुला बोलायचं ते बोललीस आणि कोणालाच कळलं नाही. देव पावला म्हणायचा."

"उद्यापासून तो साचा बंद."

"ताई, कंटेनर भरायला घेतलाय. आणि या शिट्टीने माणसं वाचलीच नसतील का? उजेडात, चांदण्यात? शेकड्यांनी वाचली असतील."

"असतील. त्यांच्यासाठी मी सुखी आहे. पण मला जो ऐकू येतोय, तो वाचलेल्यांपैकी नाही."

परदेशीने गाडी कडेला घेतली. आपल्या बहिणीकडे तो असा बघत राहिला, जणू ती कुठूनतरी लांबून बोलत होती. "कधीपासून?" त्याने विचारलं.

ताईंनी सांगितलं. तो वाद घालायचा थांबला. घरी जाण्याआधी कारखान्यावर थांबून त्याने स्वतःच कंटेनरचं बघणाऱ्याला फोन लावला आणि पाचव्या भाषेतली माफी त्या आठवड्यात त्याला सगळ्या भाषांत मागावी लागली.

पुढचे महिने वाईट गेले. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. ज्या शिट्टीला ढाल मिळाली ती बंद का, हे कोणालाच पटत नव्हतं. मंडळाच्या लोकांनी फोन करून हळूच विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना? ताई चाचणीच्या खोलीत बसून होत्या. गोळी न घालता खरखर आणायची होती. एका पोकळीऐवजी त्यांनी शेजारी शेजारी तीन केल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या, म्हणजे सूर सुरावर घासून आवाज फाटेल. पहिले नमुने बदकासारखे ओरडले. फोरमनला हसू आवरेना. पुढे मात्र असा आवाज निघाला, की अंगावर काटा यावा. कुरूप, ओरखडे काढणारा. मैदानात डोळे बांधलेली सगळी बोटं एकत्र वळली.

तेव्हा ताई म्हणाल्या, "ही धुक्यात वाजवून बघायची. त्याच पाण्यात."

अशा रीतीने परदेशीचा करकरीत पासपोर्ट पहिल्यांदा मळला. विमानात तो सगळ्यांना आपण निर्यातदार असल्याचं सांगत होता. बचावबोटीत पाय ठेवल्यावर मात्र त्याचा रंग उडाला आणि पहिल्याच लाटेला तो कठड्यावरून वाकला तो उठलाच नाही. कप्तानांनी त्याची पाठ थोपटली आणि दुसऱ्या बोटीला खूण केली. ती बोट धुक्यात शिरली आणि पुसल्यासारखी दिसेनाशी झाली.

ताईंनी समुद्र इतक्या जवळून पाहिला नव्हता, आणि आताही दिसत काहीच नव्हतं. सगळीकडे पांढरं. इंजिन बंद झालं. पाणी बोटीला चाटत होतं. मग कुठूनतरी नवी शिट्टी किंचाळली. ताईंनी चांगला कान इकडून तिकडे फिरवून अंदाज घेतला आणि बोट दाखवलं. कप्तानांचं आणि सुकाणूवरच्याचं बोटही त्याच बाजूला होतं. ते सरळ गेले, आणि धुक्यातून दुसऱ्या बोटीचं नाक समोर आलं. पुन्हा एकदा लपले, पुन्हा सापडले. दर वेळी सापडले. सुकाणूवरचा माणूस मोठ्याने हसला आणि त्याने टोपी काढून हवेत हलवली.

परतीला निघण्याआधी कप्तानांनी इंजिन बंद ठेवलं. दोन्ही बोटी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. नवी शिट्टी दुसऱ्या बोटीतून परत ताईंच्या मुठीत आली होती, दुसरी कोणाजवळच नव्हती.

आणि ती वाजली. लांबवर, स्वच्छ, सुईसारखी. तीन वेळा.

ताईंनी डावीकडे मान वळवली. त्याच क्षणी कप्तानांनी उजवीकडे वळवली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुकाणूवरचा माणूस टोपी डोक्यावर नीट बसवत होता, परदेशी कण्हत होता. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. ताईंना कप्तानांची भाषा येत नव्हती आणि दुभाषा कठड्यावर लोंबकळत होता, पण विचारण्यासारखं काही नव्हतं. दोघे पुढच्या तीन शिट्ट्यांची वाट पाहत राहिले. शांतता लांबत गेली. वाऱ्याने धुकं थोडं हललं आणि पुन्हा मिटलं.

शेवटी कप्तानांनी इंजिन चालू केलं.

धक्क्यावर त्यांची सून उभी होती. अंगावर जाड कोट, हातात सूपचा थर्मास. तिने ताईंना कपात गरम सूप ओतून दिलं आणि काहीतरी विचारलं. परदेशी जमिनीवर पाय टेकल्यामुळे जरा माणसात आला होता.

"ती विचारते," तो म्हणाला, "की इंजिन बंद करून तुम्ही दोघं इतका वेळ तिथे थांबलात, ते कशासाठी?"

ताईंनी कप्तानांकडे पाहिलं. ते दोर बांधत होते. त्यांचे हात थांबले. मग ते वळले, सुनेसमोर येऊन उभे राहिले आणि बोलू लागले. परदेशी भाषांतर करायला पुढे झाला, तेव्हा ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं.